सुलावेसी बेटावरचे सोंडकिडे: डोंगर बदलला की जात बदलते

जांभ्या (धागाकर्ता)

गेली काही वर्षं नोकरीपायी सुलावेसीत राहतोय. बोर्निओच्या पूर्वेचं, इंडोनेशियातलं मोठं बेट. जुन्या नकाशांत सेलेबिस नावाने सापडेल. गाव रत्नागिरीजवळ, शिक्षण भूशास्त्राचं आणि किड्यांचा नाद निव्वळ हौसेचा. इथल्या भुंगेऱ्यांबद्दल जे वाचलं, इथल्या लोकांकडून कळलं, थोडंफार स्वतः पाहिलं, ते मराठीत कुठेतरी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी जागा समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. सुलावेसी महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं मोठं, पावणेदोन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. आकार मात्र विचित्र: मधल्या गाठीतून चार लांब हात फुटलेत आणि चारही डोंगराळ. लातिमोजोंगची रांग जवळजवळ साडेतीन हजार मीटरपर्यंत चढते. पश्चिमेची मकासारची सामुद्रधुनी इतकी खोल की हिमयुगात समुद्र शंभर-सव्वाशे मीटर खाली गेला, जावा-सुमात्रा-बोर्निओ आशियाला जोडले गेले, तेव्हाही इथे यायला कोरडी वाट झाली नाही. वाघ इथे कधी पोचलाच नाही. शिवाय बेटाचे तुकडे एका जागचे नाहीत. काही आशियाच्या बाजूचे, काही ऑस्ट्रेलियाकडून सरकत आलेले, मधे समुद्रतळाचा खडक वर ढकलला गेलेला. बराच काळ ही वेगवेगळी बेटंच होती. माकडांत हे अजून दिसतं: मकाकच्या सात जाती आहेत आणि प्रत्येकीने बेटाचा आपापला भाग वाटून घेतलाय.

आता भुंगेरे. शिंगवाले, चमकणारे, तळहाताएवढे इथे भरपूर आहेत, पण मला लिहायचंय ते ट्रिगोनोप्टेरस नावाच्या सोंडकिड्याबद्दल. दोन-तीन मिलिमीटर लांब, बहुतेक काळा, कधी तांबूस. तांदळातला सोंडकिडा सगळ्यांनी पाहिलाय, त्याच्याच कुळातला हा रानटी भाऊबंद. पंख नाहीत. पाचोळ्यात किंवा झुडपांच्या पानांवर राहतो, धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो आणि खाली टपकतो. मग शोधत बसा.

सुलावेसीतून ह्या प्रजातीची (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) एकच जात नोंदलेली होती, तीही १८८५ साली. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं सामसूम. २०१९ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह संग्रहालयाचे अलेक्झांडर रीडेल आणि इंडोनेशियाचे रादेन प्रमेसा नाराकुसुमो ह्यांनी एका फटक्यात १०३ नव्या जाती जाहीर केल्या. २०२१ मध्ये मध्य सुलावेसीतून आणखी २८. एवढी नावं आणायची कुठून? एक 'स्टार वॉर्स'मधला योडा झाला, फ्रेंच चित्रकथेतले एक अ‍ॅस्टेरिक्स, एक ओबेलिक्स आणि त्यांचा कुत्रा इडेफिक्ससुद्धा. डार्विन, वॉटसन, क्रिक ह्यांच्याही नावाचे किडे आहेत. न्यू गिनीतल्या १०१ जाती ह्याच रीडेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडल्या तेव्हा नावांसाठी पापुआ न्यू गिनीच्या टेलिफोन डिरेक्टरीतली आडनावं घेतली होती.

माझं म्हणणं एवढंच की "ह्या बेटावर किती जाती" हा प्रश्न ह्या किड्याला लागूच पडत नाही. त्याच्या लेखी सुलावेसी हे बेट नाहीच. त्याचं बेट म्हणजे तो ज्या डोंगरावर जन्मला तो डोंगर, आणि कधी कधी त्या डोंगराचा ठरावीक उंचीचा पट्टा. मधली गरम खोरी हा त्याचा समुद्र. कित्येक जाती आजवर एकाच ठिकाणाहून सापडल्यात त्या ह्यामुळे.

खवचट काका

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर वाचतो रात्री.

तोवर एक काम उरकतो. देवाला भुंगेरे जरा जास्तच आवडत असावेत, असं जीवशास्त्रज्ञ हाल्डेन म्हणायचा म्हणे. हे वाक्य प्रत्येक भुंगेऱ्याच्या चर्चेत कोणीतरी टाकतंच. मी टाकलं, आता कोणी टाकू नका. हाल्डेन नंतर भारतात आला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

रानजाई

मस्त विषय. पण दोन मिलिमीटरचा किडा रानात सापडतो तरी कसा? आम्ही ताम्हिणीत रात्री पांढरा पडदा लावून दिवा टांगतो, त्यावर जे येईल त्याचे फोटो. तसंच का?

जांभ्या

नाही, आणि इथेच खरी मेख आहे. दिव्यावर येतो तो उडणारा किडा. बिनपंखी कसा येणार? म्हणजे दिवा लावून केलेली यादी कितीही मोठी असली तरी तिच्यात ट्रिगोनोप्टेरस शून्य.

ह्यांच्यासाठी दोन प्रकार. झुडपाखाली पांढरं कापड किंवा उलटी छत्री धरायची आणि फांदीवर काठी मारायची. पानांवरचे खाली पडतात. दुसरा, पाचोळा चाळायचा. ओला पाचोळा आणि वरची माती मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून पिशवीत घ्यायची, मग तो चाळ जाळीच्या पिशवीत भरून टांगून ठेवायचा. चाळ वाळत जातो तसे किडे ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि खालच्या बाटलीत पडतात. बाटलीत अल्कोहोल असतं. मी बाटली लावत नाही, पांढऱ्या ताटात पसरून फोटो काढतो आणि सोडून देतो. परदेशी माणसाला इथे संशोधनाच्या परवान्याशिवाय नमुने गोळा करता येत नाहीत आणि ते रास्तच आहे.

मोरपंखी

ह्याच बेटांवर किडे-पक्षी गोळा करत फिरलेल्या वॉलेसचा उल्लेख कसा नाही अजून?

१८५५ च्या मार्चमध्ये तो बोर्निओवरच्या सारावाकमधल्या सिमुंजोनला पोचला. तिथे कोळशाच्या खाणीसाठी जंगल तोडणं चालू होतं. त्याने मजुरांना, दायाक आणि चिनी दोघांनाही, किड्यामागे एक सेंट असा भाव लावला. एका दिवसात ७६ प्रकारचे भुंगेरे, त्यातले ३४ त्याच्यासाठी नवे, असं त्याने लिहिलंय. बोर्निओत एकूण सुमारे २००० प्रकार मिळाले आणि शंभरेक सोडले तर सगळे त्या एका जागेतून, जेमतेम एक चौरस मैलातून. १८५४ ते १८६२ ह्या आठ वर्षांत त्याने जे सव्वा लाख नमुने जमवले त्यातले ८३,२०० भुंगेरे होते. पक्षी आठ हजारच.

हे आकडे पाहिले की वाटतं, एका चौरस मैलात २००० मिळत असतील तर डोंगराबिंगराची गरज काय? साधं जंगलच पुरेसं आहे की.

जांभ्या

सिमुंजोनला त्याला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात छान मिळाले ते लांब मिशांचे भुंगेरे आणि सोंडकिडे, म्हणजे लाकूड खाणारे. का? कारण झाडं ताजी पडलेली होती. आडव्या खोडांवर, सालींच्या ढिगांवर, उघड्या उन्हात आसपासच्या रानातले भुंगेरे उडत आले. तो चौरस मैल म्हणजे जेवणावळ होती. आमंत्रण दूरवर गेलेलं. ते २००० सगळे त्या मैलात राहणारे होते असं नाही.

एका जागी अनेक जाती असणं वेगळं आणि जागा बदलली की यादी बदलणं वेगळं. वॉलेसने पहिलं दाखवलं. मी दुसऱ्याबद्दल बोलतोय.

गणिती

ह्या दोहोंचा घोळ केला की काय होतं त्याचं उत्तम उदाहरण आहे. कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विनने पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडला आणि खाली पडलेले भुंगेरे मोजले. सुमारे १२०० जाती. मग १९८२ साली मांडलेला हिशेब असा:

ह्यातल्या १६३ जाती फक्त ह्याच झाडावर जगतात असं धरलं. उष्णकटिबंधात झाडांच्या ५०,००० जाती धरल्या. गुणाकार केला: ८१.५ लाख भुंगेरे. भुंगेरे हे एकूण संधिपाद प्राण्यांच्या (कीटक, कोळी वगैरे) ४० टक्के धरले, म्हणजे झाडांच्या शेंड्यांवरच दोन कोटी. जमिनीवर त्याच्या निम्मे धरले. एकूण तीन कोटी!

प्रत्येक पायरीवर "धरलं". पहिला आकडा थोडा हलला की उत्तर कोसळतं आणि तसंच झालं. व्होयतेक नोवोत्नी आणि मंडळींनी न्यू गिनीत कोणता किडा कोणत्या झाडाची पानं खातो हे बसून तपासलं. किडे एवढे चोखंदळ नसतात, एका झाडावरचे किडे त्याच्या भावकीतल्या झाडांवरही चालवून घेतात, असं निघालं. २००२ मध्ये त्यांचा अंदाज ४० ते ६० लाखांवर आला.

ता. क. अर्विनला नावं ठेवायची नाहीत. त्याने आकडेमोड उघड मांडली होती, म्हणून तर ती खोडता आली.

कुतूहल

माहितीपूर्ण धागा. वाचत आहे. एक बावळट प्रश्न: पंख नसलेला किडा बेटावर आला कसा?

जांभ्या

@कुतूहल, प्रश्न अजिबात बावळट नाही. ही प्रजाती सुमात्रापासून पार पॅसिफिकमधल्या सामोआपर्यंत पसरलेली आहे, म्हणजे समुद्र ओलांडलाय नक्की, आणि एकदा नाही. पुरात वाहून गेलेली झाडं, मुळांसकट तरंगणारा काडीकचरा हाच मार्ग शक्य दिसतो. अशी यशस्वी सफर लाखो वर्षांत एखादी. पण किडा पोचला आणि डोंगर चढला की मग हजारो पिढ्या तिथेच. बाहेरून कोणी येत नाही, आतला कोणी जात नाही. नव्या जाती घडायला ह्याहून सोयीची परिस्थिती नाही.

@गणिती, नोवोत्नींच्याच गटाचं २००७ चं काम इथे फार उपयोगी आहे. न्यू गिनीच्या सखल जंगलाचा ७५,००० चौरस किलोमीटरचा सलग पट्टा त्यांनी घेतला आणि त्यात अळ्या, फळमाश्या आणि लाकूड पोखरणारे अँब्रोसिया भुंगेरे पाहिले. शेकडो किलोमीटर गेलं तरी जाती फारशा बदलत नाहीत, असं दिसलं. सखल, सलग, उडणारे: यादी तीच. डोंगराळ, तुटक, बिनपंखी: यादी दर डोंगरावर नवी. त्यामुळे एका आकड्याने "उष्णकटिबंधातले भुंगेरे" सांगायला जाऊ नये असं माझं मत झालंय.

शंकेखोर

मला एक सांगा, १०३ जाती एकदम? दोन मिलिमीटरचे काळे ठिपके, एकासारखा एक. ह्या जाती खरंच वेगळ्या आहेत की एकाच जातीचे तुकडे पाडून नावं ठेवायचा उद्योग? वर्गीकरणवाल्यांना नवी जात म्हणजे पीएचडीला एक प्रकरण.

जांभ्या

शंका योग्य, उत्तर जरा लांब.

नुसत्या बाहेरच्या रूपावर जाती ठरवल्या असत्या तर मीही हेच म्हटलं असतं. ते तीन गोष्टी एकत्र पाहतात. एक, बाहेरची घडण: पाठीवरचे खळगे, खवले, सोंडेवरच्या कडा. दोन, नराच्या जननेंद्रियाचा आकार. भुंगेऱ्यांच्या ओळखीत हा जुना आणि भरवशाचा पुरावा. तीन, डीएनएचा एक ठरलेला तुकडा, सीओएक्स-१ नावाच्या जनुकाचा. तिन्ही एकाच बाजूला कौल देत असतील तर शंकेला जागा कमी उरते.

माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा साधा आहे. एकाच उतारावर, एकाच चाळणीत दोन-तीन प्रकार येतात आणि त्यांच्यात सरमिसळ दिसत नाही. एकत्र राहून वेगळे राहतात ते वेगळेच.

दोन डोंगरांवरचे, कधी न भेटणारे प्रकार मात्र कुठे तोडायचे ह्यावर वाद होऊ शकतो, ते मान्य. पण १०३ च्या जागी ९० म्हटलं तरी माझा मुद्दा हलत नाही.

शंकेखोर

ठीक. जननेंद्रियांचा भाग जेवताना वाचला हे माझं दुर्दैव.

यंत्रबुद्धी

अरे, ह्याच किड्याच्या मांडीत नट-बोल्ट असतो ना?! २०११ साली खूप गाजलं होतं. तेही कार्ल्सरूहचेच लोक. क्ष-किरणांनी त्रिमिती चित्रण करून पाहिलं तर पायाचा वरचा सांधा बिजागरीचा नाहीच, चक्क आटे पाडलेला. बाहेरचा भाग नट, आतला भाग बोल्ट, आणि बोल्टावरचे आटे एका पूर्ण फेऱ्याहून जास्त.

आम्ही कॉलेजात पहिल्या वर्षी लेथवर आटे पाडायला शिकतो तेव्हा निम्म्यांचे बिघडतात. हा चार मिलिमीटरचा प्राणी सहा पायांना सहा सांधे घेऊन जन्माला येतो.

फायदा काय पण? बिजागरी का चालली नसती?

जांभ्या

बोल्ट पूर्ण फिरत नाही, ठरावीक कोनातच फिरतो. पण सांधा घट्ट राहतो, सहज निखळत नाही आणि पाय अंगाशी चपखल मिटता येतात. पाने-डहाळ्यांवर चढणाऱ्या आणि संकटात गोळी होऊन पडणाऱ्या किड्याला दोन्ही कामाचं. नंतर इतर सोंडकिड्यांतही अशी घडण सापडली.

बागायतदार

आमच्याकडे भुंगेरा म्हटलं की पोटात गोळा येतो. माडाला गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा, आंब्याला भिरूड, काजूला रोठा. तारेचा आकडा घालून अळी ओढून काढा, भोकात औषधाचा बोळा कोंबा, चिखलाने लिंपा. आयुष्य ह्यात चाललं. ह्या सगळ्या पाहुण्यांचं मूळ घर तुमच्या तिकडचं का?

जांभ्या

नमस्कार दादा, घरचं माणूस भेटलं. भिरूडाची प्रजात बॅटोसेरा. आपल्या आंब्यावरचा तिच्यातला एक. तिच्यातलाच एक अजस्र भाऊ न्यू गिनीकडे सापडतो आणि त्याला वॉलेसचं नाव आहे. भिरूड आपला आपल्याकडचाच, तिकडून आलेला नव्हे.

गेंड्या भुंग्याची गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी, कारण ती ट्रिगोनोप्टेरसच्या अगदी उलट आहे. तो मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियाचा. १९०९ मध्ये श्रीलंकेहून रबराची रोपं सामोआला गेली, त्यांच्या मातीतून हा गेला. तिथे त्याला आवरणारं कोणी नव्हतं, माडांचा फडशा पडला. पुढे १९६३ साली मलेशियात ह्याला मारणारा एक विषाणू ह्यूगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला सापडला. तो १९६७ मध्ये सामोआत सोडला आणि उपद्रव बराच खाली आला. मग पॅसिफिकच्या बेटाबेटांवर तेच औषध. आता २००७ मध्ये तो ग्वामला पोचला आणि तिथल्या वाणावर हा विषाणू नीट चालत नाही. २०१३ पासून हवाईतही आहे.

एक भुंगेरा डोंगर सोडत नाही, दुसरा माणसाच्या बोटीत बसून अर्धा पॅसिफिक पालथा घालतो. बेटांवर जातींची यादी वाढतेय असं कोणी म्हणालं तर आधी विचारावं: कोणाच्या जिवावर?

बागायतदार

विषाणूचं इथेही ऐकलंय, पण आमचा भर अजून शेणखताच्या खड्ड्यावर. खड्डा उघडा ठेवला की गेंड्याची पैदास झालीच समजा. अळ्या वेचून कोंबड्यांना.

मोरपंखी

हवाईचा विषय निघालाच आहे तर. माउई बेटावर हालेआकला नावाचा ज्वालामुखी आहे, तीन हजार मीटरचा. पर्यटक पहाटे सूर्योदय बघायला वर जातात, आम्हीही गेलो होतो, थंडीने काकडलो. त्या एकट्या डोंगरावर मेसिक्लोथोरॅक्स नावाच्या जमिनीवरच्या भुंगेऱ्याच्या ११६ जाती आहेत! जेम्स लीबर यांनी २०१५ मध्ये सगळी मांडणी केली, त्यातल्या ७४ तेव्हा नव्या होत्या. त्यांचेही पंख नावापुरतेच. म्हणजे जांभ्यांचा मुद्दा बरोबर, पण एक पायरी पुढे: एका डोंगरावर एक जात नव्हे, एकाच डोंगराच्या वेगवेगळ्या उतारांवर, दऱ्यांत वेगवेगळ्या.

गणिती

पंखांवरून डार्विनचं आठवलं. अटलांटिकमधल्या मदैरा बेटांवरच्या भुंगेऱ्यांच्या ५५० जातींपैकी २०० ना उडता येत नाही, हे त्याने १८५९ मध्ये लिहिलं होतं. कारण दिलं वारा: उडणारे समुद्रात वाहून गेले, बसून राहणारे वाचले. मदैरा उष्णकटिबंधात मोडत नाही, पण कारण इथेही लागू पडेल की.

जांभ्या

पटत नाही. वारा हे कारण उघड्या, छोट्या, समुद्राने वेढलेल्या बेटासाठी ठीक. इथे आपण दाट रानाच्या तळाशी, पाचोळ्यात आहोत. तिथे वारा पोचतच नाही. शिवाय ट्रिगोनोप्टेरसची अख्खी प्रजातच बिनपंखी आहे, सुमात्रापासून सामोआपर्यंत. सुलावेसीच्या वाऱ्याने त्यांचे पंख नेले असं म्हणता येत नाही, ते आले तेव्हाच पंखांशिवाय आले.

जंगल हजारो वर्षं जागच्या जागी टिकत असेल, खायला पायाशी असेल, तर पंख आणि त्यांचे स्नायू पोसणं महाग पडतं. त्या खर्चाची अंडी घातलेली बरी. पर्वतांवरच्या बिनपंखी किड्यांबद्दल हे स्पष्टीकरण मला जास्त जवळचं वाटतं.

देवराई_वेडा

उशिरा आलो, सगळं वाचून काढलं. सह्याद्रीत असं काही असेल का? आपल्याकडे नेमास्पिस पालींच्या नव्या जाती गेल्या काही वर्षांत एकेका डोंगरावरून, एकेका किल्ल्याच्या परिसरातून जाहीर होतायत. पाली निदान डोळ्यांना दिसतात. पाचोळ्यात कोण वाकून बघतो? देवराया म्हणजे सड्यांच्या आणि शेतांच्या मधे उरलेले ओल्या पाचोळ्याचे तुकडे आहेत, आणि कित्येक फार जुने.

रानजाई

+१. दिव्याच्या पडद्याचा नाद सोडून चाळणी घ्यावी म्हणते.

खवचट काका

सगळं वाचून झालं. धागा छान. आता खडा टाकतो. धागाकर्ते भूशास्त्रज्ञ, सुलावेसीत नोकरी, नाव जांभ्या. म्हणजे निकेल. म्हणजे तुम्हीच ते डोंगर सोलताय ना हो, ज्यांच्यावर हे किडे राहतात?

जांभ्या

हो काका, निकेलच. कोणाकडे ते विचारू नका.

कोकणातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. समुद्रतळाचा जो खडक इथे वर ढकलला गेला त्यात लोह, मॅग्नेशियम भरपूर आणि थोडं निकेल असतं. लाखो वर्षांच्या पावसाने तो कुजला, आपल्या जांभ्यासारखीच लाल माती झाली. निकेल पाण्याबरोबर झिरपून खालच्या थरात साठलं. तरी प्रमाण एक-दोन टक्केच. म्हणून इथली खाण खोल नसते, पसरट असते. आधी झाडं, मग लाल माती, मग खालचा कामाचा थर. आणि हा थर कुठे सापडतो? टेकड्यांच्या माथ्यांवर आणि सौम्य उतारांवर. इंडोनेशियाने २०२० पासून कच्चं खनिज बाहेर पाठवायला बंदी केली, त्यानंतर मोरोवालीसारख्या ठिकाणी भट्ट्याच भट्ट्या उभ्या राहिल्या. बहुतेक माल स्टेनलेस स्टीलला जातो, बॅटऱ्यांचा वाटा वाढतोय.

खाणीनंतर झाडं परत लावायची अट असते. काही ठिकाणी ती बरी जगतातही. पण मी पाहिलेल्या अहवालांत झाडं, पक्षी, सस्तन प्राणी, मासे असतात, भुंगेरे नसतात. आणि ह्या धाग्यात जे बोललो ते खरं असेल तर हिशेब तिथेच चुकतो. लावलेल्या झाडांवर पक्षी शेजारच्या रानातून उडत येईल. बिनपंखी सोंडकिडा येणार नाही, आणि पलीकडच्या डोंगरावरून आलाच तर तो दुसरी जात असेल. माझ्या मते खाणीच्या सर्वेक्षणात पाचोळ्याची चाळणी सक्तीची हवी. खर्च नगण्य आहे. आमच्याकडे हे बोलून झालंय, पुढे काही सरकलेलं नाही.

खवचट काका

उत्तर सरळ दिलंत, आवडलं. नोकरी सोडा असं सांगणार नाही, माझ्या पातेल्यांतही निकेल आहेच.

गणिती

थोडी भर. संरक्षण भुंगेऱ्यांच्या नावाने कधीच होत नाही, दुसऱ्याच कारणाने होतं. सुलावेसीच्या उत्तर हातातलं दुमोगा-बोने राष्ट्रीय उद्यान (आता नाव बोगानी नानी वार्ताबोने) मुळात जागतिक बँकेच्या पैशातल्या सिंचन योजनेचं पाणलोट राखण्यासाठी झालं. भातशेतीच्या कालव्यांत गाळ येऊ नये म्हणून वरचं जंगल राखलं. १९८५ मध्ये तिथेच वॉलेसच्या नावाने मोठी ब्रिटिश-इंडोनेशियन मोहीम निघाली. ढेकणांच्या गणातले, म्हणजे रस शोषणारे किडेच १६९० जातींचे मिळाले आणि त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त जातींना नावच नव्हतं. भुंगेरे तर काही हजारांत.

शंकेखोर

आणि हे सगळे नमुने लंडनला?

जांभ्या

त्या मोहिमेतले बरेच. हल्ली तसं चालत नाही. नव्या जातीचा मूळ नमुना, ज्यावरून जात ठरते तो, जावात बोगोरजवळ चिबिनोंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात राहतो. काही जादा नमुने करारानुसार कार्ल्सरूहला जातात. नाराकुसुमो त्या इंडोनेशियन संग्रहालयाचेच, आणि २०२१ च्या त्या २८ जातींच्या कामात पहिलं नाव त्यांचं आहे.

देवराई_वेडा

जांभ्या, चाळणीची छिद्रं केवढी ठेवायची? पाऊस ओसरला की आमच्या गावच्या देवराईत बघायचंय. मानकऱ्यांना विचारलंय, देवाची एक काडीही बाहेर न्यायची नाही ह्या अटीवर हो म्हणाले.

जांभ्या

साधारण एक सेंटिमीटरची जाळी घ्या. त्याहून बारीक घेतली तर ओला पाचोळा अडकतो. ऐन पावसात करू नका, चिखल होतो. मोठ्या झाडांच्या मुळांच्या बेचक्यात आणि कुजक्या ओंडक्यांलगत जो पाचोळा दाबून बसलेला असतो तो घ्या, वरचा सुका नको. पांढऱ्या ताटात पसरलंत की दहा-पंधरा मिनिटं काहीच हलणार नाही, उठू नका. सोंगाडे उशिरा पाय काढतात. फोटो काढताना शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा आणि चाळ जिथला तिथे परत टाका, म्हणजे अटही मोडत नाही.

रानजाई

फोटो इथेच टाका. आणि अंदमानच्या भुंगेऱ्यांवर कोणी वेगळा धागा काढणार असेल तर मी वाचायला तयार आहे.